गिरजाबाई सुपेकरणीने ताल पुरी केली त्याची हकीगत

श्री. दरबाराने रयतेचा शेवट चोरला. हे पहिल्याच ओळीस लिहून ठेवतो, मागाहून कोणी लिहिणारा भ्याला असे म्हणू नये. चोरी धान्याची नव्हे, गुरांची नव्हे. हाती घेतलेले काम पुरे झाले म्हणजे माणसाच्या जिवास जो थंडावा मिळतो तो दरबाराने नेला, आणि राजरोस, वाजंत्री लावून नेला. आरोप करतो तर पुरावाही देतो. ऐकावे.

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, चैत्र मास. राज्याचे नाव लिहीत नाही, ज्याचे त्याने ओळखावे. त्या राज्यात रिवाज असा की, काम सुरू होते दिवशी नारळ फुटावा, दरबारी माणसास पागोटे बांधावे, पेढे वाटावे, नावे कोरून दगड बसवावा; आणि काम पुरे होते दिवशी काहीच नाही. मग पुरे करतो कोण? नदीवर दोन पायांचा पूल उभा होता आणि वीस वर्षे तिसऱ्या पायाची वाट पाहत होता. शाळेचे जोते आहे आणि त्यावर शेळ्या रवंथ करतात. विहीर तीन हात खोल आहे आणि तीत सरडे सुखाने नांदतात. आणि दरबाराचे पाहून रयतही तशीच झाली. घरोघर अर्धी कामे लोंबत राहिली आणि कोणास त्याची लाज उरली नाही.

त्या राज्यात डोंगराच्या उतारावर गिरजाबाई सुपेकर राहत होत्या. वय पन्नास, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. त्यांचे यजमान हैबतराव हे सुरुवातीचे मोठे वीर. दर पाडव्यास एक काम काढीत आणि दर पंचमीस सोडीत. त्यांच्या पराक्रमाने घरी तीन भिंतींचा गोठा होता, दाराविना चौकट होती आणि बाजेचा नुसता सांगाडा सात वर्षे भिंतीस टेकून होता. घरामागे उताराचे शेत होते. उताराची माती अडवायला दगडी बांध लागतो, त्या मुलखात त्यास ताल म्हणतात. ती ताल दरबाराने अकरा वर्षांमागे सुरू केली होती, म्हणजे दगडांचा एक थर मांडून, नावांचा दगड बसवून, पेढे खाऊन मंडळी परत गेली होती. आणि दर पावसाळ्यात चार बोटे माती त्या थरावरून ओढ्यास जात होती. त्या चैत्रात गिरजाबाईंनी शेतात पहार मारली तो वीतभर खाली खडक वाजला. जाणत्या बाईस काय ते कळले. हा एक पावसाळा असाच गेला तर माती सरेल आणि नाचणीचा एक दाणा त्या जागी पुन्हा होणार नाही.

मग बाई घरी आल्या आणि काय मनात आले कोण जाणे, आधी बाजेचा सांगाडा ओढून अंगणात घेतला, काथ्याची दोरी भिजवली आणि विणायला बसल्या. चार दिवस विणले, बोटे सोलली, दोनदा वीण चुकली ती उसवली, आणि चौथ्या दिवशी दोन प्रहरी शेवटची गाठ मारून त्या बाजेवर बसल्या. बाज कुरकुरली आणि बाईंना धरून राहिली. बाई हसल्या.

हैबतराव ओसरीवरून म्हणाले, "झाली व्हय? मग आता दुसरी घ्या इनायला."

"दुसरी कशापायी? ही पुरी झाली. जरा बगा तरी तिच्याकडं."

"बाजेकडं काय बगायचं?"

"तुमास्नी न्हाई कळायचं. तुमी कदी काय पुरं केलंय?"

खरे बोलणे होते. आणि लिहिणारा सांगतो, त्या घटकेस गिरजाबाईंना जे लाभले ते दरबाराच्या पागोट्यात नाही, पेढ्यात नाही, जहागिरीत नाही. आपल्या हातांनी धरलेली वस्तू आता आपल्यावाचून उभी राहते, तिला आपली गरज उरली नाही, हे पाहणे म्हणजे काय सुख आहे ते ज्याने एकदा चाखले त्यास पुन्हा अर्धवट चालत नाही.

मग बाईंनी पदर खोचला आणि तालीवर चालून गेल्या. डोंगरातला दगड वाहिला, एकटीने, डोईवर चुंबळ ठेवून. दरबाराच्या थरावर थर चढवले, ताल कमरेस आली, छातीस आली, आणि चैत्र वद्य द्वादशीस तालीचे पोट सुटले आणि दहा हात ताल एका दमात खाली बसली. बाई बाजूस होत्या म्हणून वाचल्या. तिथेच मातीत बसून राहिल्या. डोळ्यांस पाणी नव्हते, राग होता.

पलीकडच्या वस्तीवर लक्षाबाई म्हणून म्हातारी पाथरवटीण होती, तिला दिसत कमी होते. ती काठी टेकीत आली, पडलेल्या दगडांवरून हात फिरवला आणि हसू लागली.

"बाये, लांब लांब दगड सगळे खालच्या थराला, आन् ते बी दर्शनी आडवे? का गं?"

"दरबारानं तसेच लावलेत. मी बी तसेच लावत गेले. देखणे दिसत्यात."

"नारळ फोडायला आलेल्यास्नी दिसावेत म्हणून लावलेत ते! अगं, लांब दगड दाखवायचा नसतो. त्यो आत घालायचा, पार मागच्या तोंडापातूर. भाईर त्याचं टाळकं तेवढं दिसतं. त्योच म्होरची बाजू आन् मागची बाजू धरून ठिवतो. आन् वरच्या थराला काय ठिवलंयस?"

"काय न्हाई. चांगले दगड सपले."

"ह्या राज्यात समद्यांचे सपत्यात," म्हातारी म्हणाली. "पयल्याच दिवशी."

तेव्हा बाईंना उमगले की दरबाराचा थर उपटल्यावाचून ताल टिकणार नाही. आणि त्यांनी उपटला. नावांचा दगड काढून कडेस उभा केला. चांगले दगड निवडून आधीच बाजूस ठेवले, शेवटासाठी. दर तीन हातांवर लांब दगड आत घातला, पोटात दगडांच्या बारीक चिपा ठासल्या, आणि लक्षाबाई तालीपाशी बसून काठीने दगड वाजवून "हा हालतोय, काढ" म्हणत होती आणि बाई काढीत होत्या.

ही वार्ता दरबारी पोचली. मग भिकोबा कमाविसदार घोड्यावरून आले आणि तिथूनच गरजले, "दरबारचा पाया उपटलात! काम बंद करा. आश्विनात नवा मुहूर्त निघेल, रीतसर आरंभ होईल."

"आश्विनात माती कुठं असंल, रावसाहेब?"

"ते आमच्या कामात येत नाही."

"मग तुमच्या कामात येतं तरी काय?"

कमाविसदारांनी हुकूम वाचला, झाडास चिकटवला आणि गेले. हुकूम मोडील त्यास कैद. बाई हातात दगड घेऊन उभ्या होत्या. आकाशात ढग होते आणि दोन हात ताल बाकी होती. तेव्हा हैबतराव ओसरीवरून उठले, सावकाश चालत आले, एक दगड उचलला आणि म्हणाले, "कुठं ठिवू?"

"तुमी? मदीच टाकून जाल."

"धरलं कैद तर दोघांस्नी धरतील. सांग, कुठं ठिवू?"

बाईंनी जागा दाखवली. आणि ज्येष्ठ शुद्ध नवमीस शेवटचा दगड हैबतरावांनी बसवला, आणि हात झटकून ते तालीकडे पाहत राहिले. एक घटका गेली, दोन गेल्या. जेवायला बोलावले तरी हलेनात.

मग पाऊस झाला तो असा की पुलाच्या दोन पायांपैकी एक वाहून गेला. ताल राहिली. दगडांच्या फटींतून पाणी बाहेर आले ते निवळ, माती आत. आज त्या शेतात नाचणी गुडघ्यास लागली आहे. हैबतरावांनी गोठ्याची चौथी भिंत स्वतः बांधली आहे, आणि मुलखातले लोक ताल पाहायला येतात आणि घरी जाऊन आपापली अर्धी कामे पुरी करायला घेतात. दोन बायकांनी आणि एका आळशी पुरुषाने जे केले ते दरबाराच्या सात पिढ्यांस साधले नाही, हे लिहिताना लिहिणाऱ्यास अभिमान वाटतो.

कैद करायला कोणी आले नाही, पण भाद्रपद शुद्ध तृतीयेस दरबाराचा हुकूम आला की ताल विनापरवाना पुरी झाली आहे, सबब ती पाडून जागा मोकळी करावी, म्हणजे दरबारास ती विधिपूर्वक सुरू करता येईल. गिरजाबाईंनी हुकूम वाचून घेतला आणि म्हटले, "ज्याला पाडायची त्यानं स्वता येऊन हातानं दगड काढावा. आमी हितंच हाय."

सारांश इतका: ताल उभी आहे, माती जागेवर आहे, माणसे कैदेस तयार आहेत. दरबारास विचारतो, पाडायला कोण येणार? शिपाई धाडू नये, ज्याची सही त्याने यावे. त्याचे नाव आणि येण्याचा दिवस लेखी कळवावा. उत्तर पाहिजे.