चाळीस कालवं, एकही नर नाही

बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता टाकीतल्या पहिल्या कालवानं अंडी सोडली आणि शिंपलेसरांनी आनंदाच्या भरात स्वतःचाच हात हातात घेऊन हलवला. अभिनंदन करायला दुसरं कोणी नव्हतं. बायको होती, पण तिनं कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले होते आणि ते ओले होते.

कालवं म्हणजे खडकाला चिकटून राहणारे, ओबडधोबड कवचाचे शिंपले. त्यांच्या पिल्लांच्या अंगावर पहिलं कवच कसं धरतं, या एका प्रश्नाच्या मागे सर सहा वर्षं हात धुऊन लागले होते. म्हणून संस्थेतले लोक त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठ वळली की शिंपलेसर. त्यांना हे ठाऊक होतं. टोपणनावं याहून वाईटही पडू शकतात, असं ते मनाशी म्हणत.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी अकराला, समिती येणार होती. तळघरातली ही बिनखिडकीची, लाल दिव्याची टाक्यांची खोली सरांकडे ठेवायची की भिंतीपलीकडच्या डॉक्टरबाईंना द्यायची, याचा सोक्षमोक्ष लागायचा होता. अध्यक्षांनी सरांकडे मागून मागून एकच गोष्ट मागितली होती. कवच धरलेलं एक तरी पिल्लू दाखवा. अंडी फळल्यापासून कवच धरायला एक दिवस लागतो. म्हणून बुधवारी सकाळी टाकीचं पाणी हळूहळू कोमट करायचं, एकानं सुरुवात केली की त्या वासानं बाकीचीही पाठोपाठ मोकळी होतात, आणि गुरुवारी अध्यक्षांना सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन बसवायचं, असा सरळ बेत होता.

डॉक्टरबाईंचा विषय ल्यूपस. अंगाची राखण करायला ठेवलेली फौजच घरच्यांवर उलटते आणि ऊन लागलं की आणखी चवताळते, असा तो आजार. त्यांना ही खोली रक्ताच्या नमुन्यांचे फ्रीज ठेवायला हवी होती. सरांना त्यांच्याशी कडाकडा भांडायला आवडलं असतं, पण सोय नव्हती. तीन वर्षांपूर्वी सरांच्या बायकोला ल्यूपस झाला आणि तिच्यावर उपचार करत होत्या त्या याच डॉक्टरबाई. बायकोच्या नाडीवर जिचा हात, तिच्याशी खोलीवरून कोण भांडणार?

"बघा, दुसरीनंही सोडली," बायको टाकीवर वाकून म्हणाली. "तिसरी पण. किती गुणाची आहेत हो."

दहा वाजेपर्यंत चाळीसच्या चाळीस मोकळी झाली. सरांनी टाकीत पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मादीची अंडी बारीक वाळूसारखी खाली बसतात आणि नराचं बीज दुधासारखं पाण्यात पसरतं. तळाशी वाळूच वाळू होती. दुधाचा थेंब नव्हता.

"नर कुठे गेले?" सर म्हणाले.

"जातील कुठे, टाकीतच असतील."

"अगं, गेल्या मोसमात पंचवीस नर होते यात. पंचवीस. मी स्वतः मोजलेत."

सर मटकन स्टुलावर बसले. मग त्यांची नजर कालवांना खायला घालायच्या, शेवाळाच्या हिरव्या पाण्याच्या बरण्यांकडे गेली. बरण्या हल्ली फार लवकर रिकाम्या होत होत्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं की पाणी उडून जातंय, आणि त्यावर त्यांनी एक छोटी टीपसुद्धा लिहून ठेवली होती.

"तू यांना रोज किती घालतेस?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच."

"म्हणजे एक भांडं?"

"एक सकाळी," बायको म्हणाली. "एक दुपारी. आणि निघताना एक, रात्री उपाशी नकोत म्हणून. चाळीस जीवांना एक भांडं कुठे पुरतंय? तुम्ही एकटे तीन वेळा जेवता."

सरांनी कपाळावर हात मारला. "कालव मुळात नर असतं. खायला भरपूर मिळालं की ते मादी होतं. अर्धपोटी राहिलं तरच नर राहतं. म्हणून एक भांडं."

बायकोनं यावर क्षणभर विचार केला. "मग बरोबरच आहे त्यांचं. पोटभर मिळत असताना नर कशाला राहील कोणी?"

सरांना वाद घालायला वेळ नव्हता. सोडलेली अंडी दुपारपर्यंतच कामाची असतात, तेवढ्यात कुठून तरी एक नर, एकच, पैदा करायला हवा होता. त्यांनी बादली उचलली आणि मासळीबाजार गाठला.

"यात नर आहे का एखादा?" त्यांनी कालवांच्या ढिगाकडे बोट दाखवून विचारलं.

मासेवालीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजनावर देते मी. बाई का बाप्या ते नाही बघत."

"बरोबर आहे. फोडल्याशिवाय कळतच नाही ते."

"मग फोडून देऊ?"

"नको, नको. जिवंत हवीत."

"घरी नेऊन पाळणार आहात का?"

"हो," सर म्हणाले.

मासेवालीनं डझनभर कालवं तोलली आणि वर एक जास्त टाकलं. असल्या गिऱ्हाइकाला ती नेहमी थोडं वर देई, कारण कोणावर कधी काय वेळ येईल सांगता येत नाही. सर बादली घेऊन धावत तळघरात आले. बर्फात राहून आठ कालवं केव्हाच गेलेली होती. उरलेली पाच फोडून पाहिली तर पाचही माद्या निघाल्या. बाजारात मागणी असते गुबगुबीत कालवांना, म्हणजे तिथेही पोटभर जेवलेलीच येणार, हे सरांच्या आता लक्षात आलं. सहा वर्षांच्या अभ्यासात हा मुद्दा त्यांच्या नजरेतून सुटला होता.

संध्याकाळी घरी दोघं जेवायला बसली. सर ताटातलं इकडचं तिकडे करत होते. शेवटी ते म्हणाले, "जाऊ दे. खोली गेली तर गेली. मी वरच्या मजल्यावर टेबल मागून घेईन. पुस्तक लिहीन एखादं."

"तुम्ही वरच्या मजल्यावर जाल," बायको म्हणाली. "मी कुठे जाऊ?"

सरांनी वर पाहिलं.

"ऊन अंगावर घ्यायचं नाही, तर घराच्या खिडक्यांना जाड पडदे लावलेत आपण. तीन वर्षं. दोन वर्षं मी त्या पडद्यांकडे बघत बसले. ते लाल दिव्याचं तळघर मिळालं आणि मला दिवस मिळाला हो. उजाडायच्या आत तुमच्याबरोबर निघायचं, दिवस मावळल्यावर परत यायचं. मधले दहा तास मी पेशंट नसते. चाळीस जणं माझी वाट बघत असतात."

कालवांना डोळे नसतात, हे सांगण्याचा मोह सरांनी आवरला. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आठ महिन्यांपूर्वी ते परिषदेला गेले तेव्हा आठ दिवसांसाठी तिनं कालवांना खायला घालायचं काम घेतलं आणि पुढे सोडलंच नाही. ती तिथे विणकाम करत बसते, तेवढीच बिचारीला करमणूक, असं ते धरून चालले होते. ती एवढी खूश का दिसते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. खोली त्यांना कवचासाठी हवी होती. तिला ती श्वास घ्यायला हवी होती.

यातली अडचण अशी, की हे कोणाला सांगण्याजोगं नव्हतं. खोलीच्या दारावर 'बाहेरच्या व्यक्तीस सक्त मनाई' अशी पाटी होती आणि ती सरांनीच आपल्या हातानं रंगवली होती. आठ महिने डॉक्टरबाईंची चाहूल लागली की बायको मागच्या काळ्या पडद्याआड जाऊन उभी राहत असे.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला समिती आली. अध्यक्ष पुढे, दोन सदस्य मागे आणि डॉक्टरबाई हातात टेप घेऊन. बाईंनी आल्या आल्या फ्रीजसाठी भिंत मोजायला सुरुवात केली. बायको नेहमीप्रमाणे पडद्याआड गेली होती.

"दाखवा पिल्लू," अध्यक्ष म्हणाले.

"अंडी दाखवतो," सर म्हणाले.

"अंडी बाजारातही मिळतात. पिल्लू?"

"यंदा... नरांची जरा टंचाई झाली."

"म्हणजे?"

"सगळेच मादी झाले. खाण्याचं प्रमाण चुकलं. माझी चूक. सर्वस्वी माझी."

अध्यक्षांनी सदस्यांकडे पाहिलं. सदस्यांनी छताकडे पाहिलं. "सहा वर्षं," अध्यक्ष थंडपणे म्हणाले, "सहा वर्षं सांभाळलेल्या चाळीस कालवांना किती खायला घालायचं हे तुम्हाला कळू नये? डॉक्टरबाई, खोली कधीपासून हवी तुम्हाला?"

"सोमवारपासून."

तेवढ्यात पडदा सरकला.

"त्यांची चूक नाही," सरांची बायको रबरी मोजे घातलेले हात पुढे धरून बाहेर आली. "ते एकच भांडं सांगत होते. जास्तीची दोन मी घातली."

अध्यक्षांच्या हातातला कागद खाली पडला. डॉक्टरबाईंच्या हातातली टेप सुळकन आपल्या डबीत परत गेली.

"सात नंबर?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही इथे?"

सरांची बायको डॉक्टरबाईंच्या नव्या गोळीच्या चाचणीत होती. वीस पेशंट, त्यातली ती सातवी. आणि सात नंबरचा आलेख सगळ्यांत सुंदर होता. सांधे मोकळे, चेहऱ्यावरचे चट्टे गेलेले, रक्ताचे आकडे सुधारलेले. परदेशातल्या परिषदेत डॉक्टरबाई पुढच्या महिन्यात त्या एका आलेखावर वीस मिनिटं बोलणार होत्या.

"तुम्ही इथे किती वेळ असता?"

"उजाडल्यापासून मावळेपर्यंत."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

डॉक्टरबाईंनी बोटांवर मोजलं. त्यांची गोळीही आठ महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"मी तुम्हाला दर महिन्याला विचारते, दिनक्रमात काही बदल?"

"तुम्ही विचारता उन्हात जाता का. मी नाही म्हणते. इथे कुठे ऊन आहे?"

"मी छापून दिलंय," डॉक्टरबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "की पेशंटच्या दिनक्रमात काडीचाही बदल नाही. आता मला कसं कळणार, गुण माझ्या गोळीनं आला की या खोलीनं?"

"गोळी मी वेळेवर घेते हं," बायको त्यांचं समाधान करत म्हणाली. "दुपारचं भांडं घातलं की लगेच."

एका बाईनं दोन संशोधनं एकाच वेळी निकालात काढली होती आणि तिच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. सर डॉक्टरबाईंकडे पाहत होते. कालच्या दुपारपासून आपला चेहरा कसा दिसत असेल, ते त्यांना आत्ता कळलं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "तर मग सोमवारपासून फ्रीज..."

"कसले फ्रीज?" डॉक्टरबाई एकदम भानावर आल्या. "मुळीच नाही. चाचणीचे चार महिने उरलेत. आता यांचा दिनक्रम बदलला तर माझ्या हातात काहीच राहणार नाही. निदान बारा महिने सगळं सारखं होतं, एवढं तरी मला लिहिता आलं पाहिजे. ही खोली आहे तशीच राहील. हाच दिवा, हाच गारवा, हेच स्टूल."

"आणि ही कालवं?"

"कालवंही. त्यांना खायला घालणं हा दिनक्रमाचाच भाग आहे. तीन वेळा."

"तीन वेळा घातलं तर नर कधीच होणार नाहीत," सर चाचरत म्हणाले.

"न होवोत," डॉक्टरबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी पडलेला कागद उचलला. खोलीसाठी भांडणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. मागितलेली खोली नको म्हणणारं माणूस ते पहिल्यांदाच पाहत होते, आणि ती संधी हातची घालवण्याइतके ते नवखे नव्हते. त्यांनी तिथेच उभ्यानं ठराव लिहायला घेतला. बायकोनं मोजे काढले, घड्याळ पाहिलं आणि दुपारच्या भांड्याच्या तयारीला लागली. इतक्या वर्षांत आपल्या खोलीत आपल्याला कोणी इतकं बेदखल केलं नव्हतं, असं सरांच्या मनात आलं. पण तिच्या पाठीकडे बघताना त्यांना त्याचं काहीच वाईट वाटलं नाही.

"आणि माझं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. नवीन गोळी द्यावी की नाही, हे ठरवताना त्या पेशंटकडे असंच पाहत.

"दिवसातून किती वेळा येता तुम्ही इथे?"

"चार-पाच वेळा."

"येत राहा," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठलाच बदल नको."

संध्याकाळी ठरावाची टाईप केलेली प्रत सरांच्या टेबलावर आली. त्यांनी ती उभ्यानंच वाचली.

'तळघरातील खोली पुढील चार महिने रुग्ण क्रमांक सात यांच्या ताब्यात राहील. त्यांची हरकत नसल्यास कालवं व सर यांना तिथेच राहू द्यावं.'