हात लावू नये

नगरभवनाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या लायल ऑकरस्ट्रमने मुख्य सर्व्हरवर एक कागद चिकटवला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'हात लावू नये.' आमच्या टॉरवाल्ड गावची माणसं पापभीरू. कागदावर लिहिलंय म्हटल्यावर सहसा कुणी हात लावत नाही. खुद्द लायलनेही लावला नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

आमच्याकडे फेब्रुवारीत तळ्यावरचा बर्फ दोन-अडीच फूट जाड झाला की मासेमारीची स्पर्धा भरते. बर्फाला भोक पाडायचं, बादली उलटी टाकून तिच्यावर बसायचं आणि मासा येईल म्हणून दिवसभर त्या भोकात बघत राहायचं. यात मजा काय, हे बाहेरच्याला कळत नाही आणि आम्हीही सांगत बसत नाही. चार हजार जागा असतात. जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला नगरभवनाच्या वेबसाइटवर नोंदणी उघडते, आणि लव्हाळ्याच्या कडेच्या चांगल्या जागा सहा मिनिटांत संपतात.

गेल्या वर्षी बारा वाजून दोन मिनिटांनी सर्व्हर जो आडवा झाला, तो चार वाजता उठला. एकतीस वर्षं सत्तावन्न नंबरच्या जागेवर बसणाऱ्या गॉर्डी लुंडला जागाच मिळाली नाही. तो भांडला वगैरे नाही, आम्ही भांडत नाही. पण समोरून ओळखीची गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि गॉर्डीनं वर्षभर लायलला बघून बोट उचललं नाही. दुसरा कुणी असता तर एवढ्यावर गाव सोडून गेला असता.

स्पर्धेच्या समितीची अध्यक्ष कॉनी हॉफलँड तेव्हाच म्हणाली होती, "लायल, माझा तुझ्यावर काही राग नाही हं. पण पुढच्या वर्षीही बंद पडलं, तर मग नोंदणी शहरातल्या कंपनीकडे द्यावी लागेल."

नोंदणी गेली की लायलची नोकरी गेली. बावीस वर्षांची नोकरी, वय अठ्ठावन्न, आणि पुढे काय, तर मेहुण्याच्या टायरच्या दुकानात मेहुण्याच्या हाताखाली. त्यापेक्षा तळ्यात उडी घेतलेली बरी, पण जानेवारीत तीही घेता येत नाही.

म्हणून लायलनं उन्हाळ्यापासून दुसरा सर्व्हर उभा केला. पहिल्याची प्रत्येक नोंद त्याच क्षणी दुसऱ्याकडे जायची, आणि पहिला गप्प झाला की दुसऱ्यानं आठ सेकंदांत कारभार हातात घ्यायचा. दोन्ही एकाच खोलीत ठेवले आणि नेमकं तिथलंच छत गळलं तर? म्हणून पहिला ऑफिसात आणि दुसरा पलीकडच्या स्वयंपाकघराच्या कोठीत, मैद्याची पोती आणि कागदी बशा यांच्या मधल्या फळीवर. वीज गेली तर बॅटरी असावी, असंही लायलनं समितीला दोनदा सांगितलं होतं. समिती दोन्ही वेळा "छान कल्पना आहे" म्हणाली. आमच्याकडे याचा अर्थ 'नाही' असा होतो.

नोंदणीच्या शुक्रवारी साडेअकरा वाजता ही नवी व्यवस्था बघायला समिती ऑफिसात जमली. कॉनी होती, चेहऱ्यावर वर्षभराचा बर्फ घेऊन गॉर्डी होता, आणि दारात हातात डाव घेऊन आर्डिसबाई उभ्या होत्या. आर्डिसबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नगरभवनाचं स्वयंपाकघर चाळीस वर्षं त्यांच्या ताब्यात. नोंदणीच्या दिवशी तिथे चिलीची स्पर्धा असते. नऊ घरांतून विजेच्या नऊ हंड्या येतात, त्यांत राजमा-खिमा सकाळपासून रटरटत असतो, आणि काळी मिरी दोनदा फिरवली असली की हंडीवर 'सावधान, तिखट' अशी चिठ्ठी लागते.

"आता मी मुख्य सर्व्हरची वायर उपटणार," लायल जादूगारासारखा बाह्या सरसावत म्हणाला.

आर्डिसबाई खाकरल्या. "लायल, जरा एक..."

"नंतर, आर्डिसबाई."

"नाही, म्हणजे तसं विशेष काही नाही."

लायलनं वायर उपटली. कॉनीनं डोळे मिटून घेतले. हीटरच्या घरघरीत सगळ्यांनी आठपर्यंत आकडे मोजले. मग कॉनीनं फोनवर वेबसाइट उघडली. ती होती तशी होती.

"अगंबाई! काही झालंच नाही की!"

"तेच तर व्हायचं होतं," लायल म्हणाला. गॉर्डीनं ओठ किंचित हलवले आणि "वाईट नाही," असं म्हटलं. टॉरवाल्डमध्ये याच्यापुढची स्तुती अजून कुणी ऐकलेली नाही. 

सगळे गेल्यावर त्यानं वायर परत खोचली आणि मोठ्या मायेनं मशीनच्या पाठीवर हात ठेवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. मशीन थंडगार होतं.

चालू सर्व्हर कधी थंड नसतो.  लायलनं बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली: शेवटचं चालू होतं वीस डिसेंबरला, सकाळी दहा वाजून चौदा मिनिटांनी.

वीस डिसेंबरला लायल नाताळसाठी बहिणीकडे गेला होता. म्हणजे त्या दिवसापासून हा मेलेला, आणि कोठीतला दुसरा एकटाच गाडा ओढत होता! आणि लायलला पत्ता नाही, कारण मुख्य सर्व्हर बंद पडला तर तसा निरोप पाठवायचं काम त्यानं सोपवलं होतं मुख्य सर्व्हरवरच. स्वतः मेल्याची बातमी त्यानं स्वतः कळवायची! लायलनं कपाळावर हात मारून घेतला. आत्ता समितीसमोर आपण मेलेल्याला पुन्हा मारून टाळ्या घेतल्या, हेही त्याच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात पडद्यावर दुसरी ओळ आली. तीन आठवड्यांच्या नोंदी भरून घ्यायला पन्नास मिनिटं लागतील. घड्याळात अकरा अडतीस. म्हणजे बारा वाजता अख्खा जिल्हा तुटून पडेल, तेव्हा त्या कोठीतल्या एका मशीनवर सगळी भिस्त.

आणि स्वयंपाकघरातले दिवे एकदा लुकलुकले.

लायल धावला. कोठीची आणि ओट्याची वीज एकाच लाइनवर, आणि ती लाइन त्याच्या जन्माच्या आधीची. ओट्यावर नऊ हंड्या. सात रटरटत होत्या, दोन टॉवेल गुंडाळून बाजूला ठेवल्या होत्या. त्यानं ते पाहिलं, पण त्याला त्यात काही अर्थ दिसला नाही. त्याला दिसली ती कॉफीची भलीमोठी टाकी, जिचा प्लग जुडी फॉसनं नुकताच हातात घेतला होता.

आता दुसऱ्या एखाद्या गावात माणूस सरळ ओरडला असता, "काढा ते प्लग!" पण आमच्याकडे दुसऱ्याच्या हंडीबद्दल असं तोंडावर बोलत नाहीत. आधी हवेबद्दल बोलायचं, मग तब्येतीबद्दल, मग वळसा घालून हळूच मुद्द्यावर यायचं. लायलपाशी बावीस मिनिटं होती.

"जुडी, आज गारठा आहे, नाही?"

"उणे बावीस. पण वारा नाहीये, ते एक बरं."

"हो, वारा नाहीये. मी काय म्हणतो, आज कॉफी नको घेऊ या का?"

 जुडीनं प्लग खाली ठेवला. "लायल, डॉक्टर काही म्हणाले का रे?"

"तसं नव्हे. आणि तुझी चिलीसुद्धा आता अगदी झालीय, असं मला वाटतं. बंद केली तरी चालेल."

"झालीय म्हणजे? लागलीय का खाली?"

"नाही गं, छान वास येतोय."

"छान!" जुडीचा चेहरा पडला. 'छान'चा अर्थ तिलाही माहीत होता.

मग लायलनं नको तो मार्ग धरला. डावानं ढवळण्याचं नाटक करत तो ओट्याच्या कडेनं सरकू लागला आणि एका हातानं मागचा प्लग ओढू लागला. एक ओढला, दुसरा ओढला, तिसऱ्याला मनगट कुणीतरी धरलं. गॉर्डी होता.

"ही माझी हरणाच्या खिम्याची हंडी आहे," गॉर्डी अगदी हळू म्हणाला. "गेल्या वर्षी माझी जागा घालवलीस. यंदा चिलीपण?"

"गॉर्डी, तुला वाटतंय तसं नाही."

"मला काहीच वाटत नाहीये. मी नुसतं विचारतोय."

पण बातमी पसरायला तेवढं पुरलं. लायलला कुणाची तरी हंडी जिंकवायची आहे, म्हणून तो बाकीच्यांच्या थंड करतोय! तोंडानं कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी हसत हसत आपापले प्लग घट्ट खोचून घेतले. कोपऱ्यातल्या त्या दोन हंड्यांच्या मालकिणींनीही टॉवेल काढून आपल्या हंड्या जोडल्या. उगाच धोका कशाला? आणि डॉक्टरांचं काही नसल्याची खात्री पटल्यावर जुडीनं कॉफीची टाकीही लावली. दिवे दोनदा लुकलुकले. अकरा पंचावन्न.

 लायल कोठीत जाऊन मैद्याच्या पोत्यावर बसला. शेजारच्या फळीवर दुसरा सर्व्हर बिचारा मुकाट्यानं काम करत होता. आर्डिसबाई आत आल्या आणि त्यांनी दार लोटलं.

"आर्डिसबाई, माझं संपलं. मुख्य मशीन तीन आठवडे बंद होतं."

"ठाऊक आहे मला," आर्डिसबाई म्हणाल्या. "वीस तारखेला मीच काढली होती वायर. लेफ्सेच्या तव्यासाठी."

लायल पोत्यावरून उठला. "ऑफिसात? इथे एवढं स्वयंपाकघर असताना?"

"इथे दोन तवे चालत नाहीत रे. बटाट्याच्या पोळ्या झाल्यावर लगेच वायर होती तशी लावली. पण त्या मशीनवरचा दिवा काही परत लागला नाही."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"कागद लावला होतास ना, हात लावू नये म्हणून. आणि मी लावला होता. लाज वाटली. म्हटलं, आल्यावर विचारेल. तू रोज गुड मॉर्निंग म्हणायचास, पण विचारायचा काही नाहीस. मला वाटलं, रागावलाय. आज सांगायला आले, तर तू नंतर म्हणालास."

 "आता या सगळ्या हंड्या..." लायल पुटपुटला.

"सगळ्या?" आर्डिसबाईंचा आवाज बदलला. "सात चालतात इथे. आठवी लावली की पाच-दहा मिनिटांत काळोख. म्हणून मी दोन नेहमी टॉवेलात ठेवते आणि पाळीपाळीनं लावते. किती लागल्यात?"

"नऊ. आणि कॉफी."

"उफ् दा!" म्हणत आर्डिसबाईंनी दार उघडलं, आणि टॉरवाल्डच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं ते केलं. हवापाण्याची चौकशी न करता त्या कडाडल्या, "प्लग काढा! सगळ्यांनी! आत्ताच्या आत्ता!"

चर्चमध्ये उठून उभं राहावं तशी माणसं उभी राहिली. कुणी कारण विचारलं नाही. दहाही प्लग निघाले, पाठोपाठ बाराचे टोले पडले, आणि जो तो आपापल्या फोनवर वाकला. कोठीत लायल सर्व्हरसमोर हात जोडून उभा होता. मशीनचा पंखा घोंघावला, हिरवा दिवा वेड्यासारखा फडफडला, पण विझला नाही. बारा वाजून नऊ मिनिटांनी चार हजार जागा संपल्या.

"सत्तावन्न," गॉर्डी फोनकडे बघत म्हणाला. मग त्यानं मान वर केली आणि एक बोट उचललं. गाडी नव्हती, स्टिअरिंग नव्हतं, तरी उचललं.

लायलला खरं तर तिथेच गप्प बसता आलं असतं. पण ते बोट बघून त्याला राहवेना. त्यानं कॉनीला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. आर्डिसबाईंचं नाव तेवढं त्यानं गाळलं.

कॉनीनं डोळे बारीक केले. "म्हणजे ऐन नाताळात पहिलं मशीन गेलं, आणि दुसऱ्यानं तीन आठवडे एकट्यानं ओढलं?"

"हो."

"आणि गावात कुणाला कळलं नाही? तुलासुद्धा?"

"मलासुद्धा नाही."

"मग चालते की तुझी व्यवस्था!" कॉनी म्हणाली. "शहरातल्या कंपनीचं जाऊ दे आता. पण लायल, त्याच्यावर रोज लक्ष ठेवणारं कुणीतरी पाहिजे. तुझा काही भरवसा नाही, हे मी अगदी प्रेमानं सांगतेय."

इकडे चाखायची वेळ झाली, तर नऊच्या नऊ हंड्या कोमट. परीक्षक कसंनुसं हसत "वेगळी आहे, वेगळी आहे" म्हणत होते. आर्डिसबाई अंगात कोट घालून बाहेर गेल्या आणि आपल्या गाडीतून गोधडीत गुंडाळलेली हंडी घेऊन आल्या. झाकण उघडलं तशी भसकन वाफ आली.

"ही कुठून आली?" लायलनं विचारलं.

"मी दरवर्षी दोन करते. एक इथे, एक गाडीत."

"आणि दुसरी आजवर कितीदा कामी आली?"

"आज पहिल्यांदाच. पण दर अर्ध्या तासानं जाऊन चाखून येते. न चाखता ठेवायची तर ठेवायची कशाला?"

पहिलं बक्षीस आर्डिसबाईंनाच मिळालं. लायलनं त्यांची चिली दोनदा वाढून घेतली आणि मान वर न करता खाल्ली.

सोमवारी सकाळी तो ऑफिसात आला, तेव्हा मुख्य सर्व्हर गरम होता, दिवा लागलेला होता, आणि त्याचा जुना कागद जागेवर नव्हता. तिथे नवा कागद होता, पीठ लागलेल्या बोटांच्या ठशांसकट. त्यावर आर्डिसबाईंच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'रोज सकाळी हात लावावा. आजचा मी लावला.'