गुडघ्याची वही

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी सासरी कळू द्यायला नको होतं. लग्नाला अडीच महिने झाले होते. घरात मी फार बोलत नसे, त्यामुळे माझ्यात काय काय चांगलं आहे याचा कुणाला पत्ता नव्हता (वाईट काय आहे याचा लागला होता). पण एकदा सामानाची यादी मी लिहिली, ती नवऱ्याने पाहिली आणि त्या दिवसापासून विमा कंपनीचे सगळे फॉर्म माझ्याकडे आले.

फॉर्म सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचे होते. गुडघा पार झिजलाय, बदलावाच लागेल, असं सर्जनने एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं. पुढच्या महिन्याची वीस तारीखही दिली होती. ती हुकली तर पुढची पाच महिन्यांनी. फक्त कंपनीची मंजुरी हवी होती. ('फक्त' हा शब्द सर्जनचा.)

त्यासाठी कंपनीचा डॉक्टर व्हिडिओ कॉलवर पेशंटला पाहणार होता. आता आमच्या सासूबाईंचं एक आहे. घरातल्यांसमोर त्या भिंत धरून, कपाट धरून, वेळप्रसंगी मला धरून चालतात. पण बाहेरचं माणूस आलं की दुखणं दाराआड. कॉलच्या दिवशी त्यांनी सकाळपासून घर आवरायला लावलं, ठेवणीतले कपडे घातले आणि परक्यासमोर कण्हणं बरं दिसत नाही म्हणून दुखण्याची गोळी आधीच घेऊन टाकली.

"चालून दाखवता का, आजी?" डॉक्टर म्हणाला.

'आजी' ऐकल्याबरोबर सासूबाई ताठ झाल्या. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशा तरातरा चालल्या, की मोबाईल धरून मागे मागे सरकताना मीच टीपॉयवर आपटले.

"जिने?"

"चढते की!"

"घरातली कामं?"

"सगळं मीच बघते." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. (मी मोबाईल धरला होता. नाही म्हणायची सोय नव्हती.)

कॉल संपला तशा त्या खुर्चीत बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्र आलं. रुग्ण सक्रिय आहे, तूर्त शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही, नामंजूर.

मी कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक बाई आली.

"अहो, सर्जन म्हणतायत की गुडघा झिजलाय."

"बरोबर आहे, मॅडम. गुडघा झिजलाय हे आम्हाला मान्य आहे."

"मग?"

"त्याने त्यांचं काही अडतंय, असं कागदावर दिसत नाही."

"कागदावर नाही हो, घरात दिसतं!"

"घर अपलोड होत नाही, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही दोन आठवड्यांच्या रोजच्या नोंदी पाठवा. काय जमतं, काय जमत नाही, वेळ घालून. फेरविचार होईल. एकदाच होतो बरं का."

सासूबाईंना सांगावं, तर त्या दोन आठवडे पळून दाखवतील. म्हणून मी सांगितलं नाही. शंभर पानी वही आणली आणि गुपचूप लिहायला लागले.

'सोमवार. पलंगावरून उठून स्वयंपाकघरात यायला अकरा मिनिटं. वाटेत तीनदा थांबल्या.'

'मंगळवार. ओट्याशी उभं राहवेना. भाजी जळली.'

'बुधवार. पडलेला चमचा वाकून उचलता येईना. पायाने फ्रिजखाली ढकलला.'

'शुक्रवार. चिडचिड फार.'

वही मी कपाटात ठेवत असे. दहाव्या दिवशी सासूबाई नेहमीसारख्या कपाट धरून चालल्या होत्या. दार उघडलं, वही खाली पडली. वाकता येत नसल्यामुळे ती त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारून उचलायला लावली.

मी ऑफिसातून आले तेव्हा खुर्चीत सासूबाई, मांडीवर वही, आणि बाजूला नवरा, बाकावर उभं केल्यासारखा.

"तीन महिने तोंडातून शब्द नाही," सासूबाई म्हणाल्या, "आणि इथे शंभर पानी!"

"आई, तसं नाहीये, ते..."

"वार घालून! वेळ घालून! अगं, माझ्या सासूने मला काय कमी छळलं? पण मी कधी तिची वही ठेवली नाही!"

"पण आई, अक्षर बघ ना किती छान आहे," नवरा म्हणाला. (हा माणूस मी पाहून, पसंत करून केलेला आहे.)

मग मी सगळं सांगितलं. फोन, ती बाई, नोंदी, एकदाच होणारा फेरविचार. एका दमात इतकं बोलताना मला त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "तुमचा गुडघा किती दुखतो ते मला माहितीये, आई. कारण तुम्ही माझा खांदा धरता. त्या डॉक्टरचा खांदा तुम्ही धरला नाहीत. त्याला कसं कळणार?"

सासूबाईंनी वहीचं पहिलं पान उघडलं. मग म्हणाल्या, "पेन दे."

मला वाटलं, सही करतायत.

"मंगळवारी भाजी जळली नव्हती. जरा लागली होती. खोटं काही पाठवायचं नाही."

पुढचे चार दिवस मी नोंद करायची आणि त्यांनी समासात खुलासा लिहायचा, असं चाललं. जुन्या पानांचेही खुलासे झाले. सोमवारपुढे: 'तीनदा थांबले हे खोटं. दोनदा थांबले. तिसऱ्यांदा कॅलेंडर वाचत होते.' चमच्यापुढे: 'तसाही जुनाच होता.' शनिवारी त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर पाऊण तास बसल्या होत्या. त्यापुढे: 'हवा खात होते. शेजारीण हात द्यायला येईपर्यंत उठायचं मनातच नव्हतं.' आणि 'चिडचिड फार'पुढे: 'हिचा गुडघा दुखेल तेव्हा विचारीन.'

वही पाठवली. वीस तारखेला चार दिवस उरले असताना उत्तर आलं. मंजूर! मी नाचायचीच बाकी होते. मग खालचा शेरा वाचला: 'सुनेच्या नोंदी त्रोटक असल्याने विचारात घेतलेल्या नाहीत. रुग्णाच्या स्वतःच्या खुलाशांवरून मात्र दैनंदिन जीवनात गंभीर अडचण असल्याचे स्पष्ट होते.'

सासूबाईंनी तो शेरा मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

ऑपरेशन छान झालं. आता त्या काही न धरता घरभर फिरतात. मी कुठे आहे, काय करतेय, हे त्यांना पलंगावरून ओरडून विचारावं लागत नाही. परवा कपाट आवरताना ती वही सापडली. उरलेली पानं भरायला लागली होती.

'सोमवार. सुनेला हाक मारली. यायला सहा मिनिटं. वाटेत मोबाईल.'

मी पेन घेतलं आणि समासात खुलासा लिहिला: 'सहा नव्हे, चार. ऑफिसचा फोन होता.'

दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर खाली सासूबाईंच्या ठसठशीत अक्षरात उत्तर होतं.

'फेरविचार केला. नामंजूर. एकदाच होतो.'