आप्पांचा पाव फेरा

आमच्या शेजारच्या सिद्रामप्पांना माणसाचं बिघडलेलं कानानं कळतं. सोलापुरात बदली होऊन आलो त्या आठवड्यात मला खोकला झाला होता. ओळख करून घ्यावी म्हणून मी त्यांच्या फाटकाशी उभा राहून नाव-गाव सांगत होतो, आणि हे डोळे मिटून, मान तिरपी करून माझा खोकला ऐकत होते. तीनदा खोकून झाल्यावर म्हणाले, "सर, हवा जास्त हाय. पाव फेरा मारा." आणि माझ्या छातीसमोर नसलेला स्क्रूड्रायव्हर जरासा फिरवला. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. माझ्या छातीत स्क्रू आहे हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

आप्पांनी अक्कलकोट रोडच्या गॅरेजात चाळीस वर्षं कार्बोरेटर दुरुस्त केले. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांची सोयरीक जुळवणारा डबा. पेट्रोल जास्त झालं की गाडी काळा धूर ओकते, हवा जास्त झाली की फटफट करत मान टाकते. ते प्रमाण बसवायला डब्याच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, आणि आप्पांच्या मते शहाण्या माणसानं त्याला एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये. जगातला सगळा घोटाळा एकदम अर्धा फेरा मारणाऱ्यांनी केलेला आहे. चहात साखर कमी पडली, पाव फेरा. पुतण्याचं बायकोशी पटेना, पाव फेरा. आमच्या गल्लीत नळाच्या पाण्यावरून जुंपली तेव्हा दोन्ही बाजूंच्या मधे उभं राहून ते शांतपणे हवेत स्क्रू फिरवत होते. भांडणारे त्यांच्या बोटांकडे बघत बसले आणि पाणी गेलं.

त्यांच्या दारात कडुनिंबाखाली एक पेट्रोलची जीप उभी असते. ती माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. दर सोमवारी सकाळी आप्पा आणि नीलव्वाकाकू तिच्यातून मैंदर्गीला, काकूंच्या माहेरी जायचे. जीपला स्टार्टर होता, पण आप्पांना ते आळशी माणसांचं काम वाटायचं. ते पुढे उभे राहून हँडल मारायचे. काकू आत बसून चोकची मूठ ओढायच्या, म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जास्त मिळायचं. एकट्याचं हे काम नव्हे. हँडल मारून माणूस आत येईपर्यंत इंजिन पेट्रोल पिऊन पिऊन बंद पडायचं. मूठ कधी ओढायची आणि कधी सोडायची यातच सगळी कला होती.

दोघं घरात कानडी बोलतात. मला त्यातले तीनच शब्द येतात आणि ते त्या जीपनं शिकवले. "एळी", म्हणजे ओढ. "तडी", म्हणजे थांब. "बिडु", म्हणजे सोड. एळी म्हटलं की हँडल फिरायचं, इंजिन खोकायचं. मग बराच वेळ तडी. मग अगदी हळू आवाजात बिडु, आणि इंजिनाचा सूर लागायचा. तो लागला की दोघं सीटवर डोळे मिटून नुसते बसून राहायचे. लिंबाच्या पानांची सावली बॉनेटवर हलत असायची, पेट्रोलचा वास आमच्या पायरीपर्यंत यायचा. हातातला चहा कधी निवायचा ते मला कळायचं नाही. कितीतरी सोमवारी मी पहिला तास उशिरा घेतला आहे.

मी एकदा आप्पांना सुचवलं की हे सगळं काढून इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवू. कॉम्प्युटरच हवा मोजतो, पेट्रोल मोजतो, चोकची भानगडच नाही. आप्पांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सर, इंजेक्शन दवाखान्यात. गाडीत न्हाई." नंतर कधीही विषय काढला की एवढंच वाक्य.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. त्या वाचल्या, चालू लागल्या, पण उजव्या हातातला जोर गेला. डॉक्टरांनी हाताला काम देत राहा म्हणून बजावलं होतं. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच सोमवारी आप्पांनी त्यांना जीपमध्ये बसवलं आणि पुढे जाऊन म्हणाले, "एळी." काकूंची बोटं मुठीवरून घसरली. आप्पांनी तीनदा सांगितलं, तीनदा घसरली. मग त्यांनी हँडल काढून घेतलं.

त्या दिवसापासून काकू जीपमध्ये बसेनात. स्टार्टर मारून जाऊ म्हटलं तरी नाही. हात पदराखाली घेऊन बसायच्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "गाडीला काय मी लागत न्हाई आता. नुसतं वझं कशाला व्हायचं?"

त्यानंतर एका दुपारी आप्पा माझ्याकडे आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, गाडीला इंजेक्शन द्यायचं हाय."

का, असं मी विचारायला हवं होतं. पण विज्ञान जिंकलं या आनंदात मी तेवढंच विसरलो.

आमचे कितीतरी रविवार त्या जीपखाली गेले. आप्पांनी कार्बोरेटर काढला, पेट्रोलनं पुसला आणि धोतराच्या फडक्यात बांधून देवघराखालच्या कपाटात ठेवला. त्या जागी इंजेक्टर आला, टाकीजवळ विजेचा पंप आला, सायलेन्सरच्या नळीत धूर हुंगणारा सेन्सर बसला आणि डॅशबोर्डखाली कॉम्प्युटर. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आकडे भरायचो. आप्पा डोळे मिटून म्हणायचे, हवा जास्त हाय. मग दोन सेकंदांनी माझा लॅपटॉप तेच म्हणायचा. "तुमच्या डब्याला सांगा, पाव फेरा," ते म्हणायचे. मी एक आकडा किंचित वाढवायचो आणि त्यांची मान डोलायची. आयुष्यात इतकं सुखानं मी कधी काम केलेलं नाही.

शेवटच्या रविवारी वायरिंग तपासताना मला एक पिवळी वायर जास्तीची सापडली. ती स्टार्टरला वीज देणाऱ्या रिलेपासून निघून चोकच्या जुन्या मुठीमागच्या एका बटणाला गेली होती. चोक तर आता नव्हताच. म्हातारपणी चूक व्हायचीच, असं मनाशी म्हणत मी ती काढून टाकली आणि सर्किट माझ्या नकाशाप्रमाणे सरळ केलं. आप्पांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलंही नाही.

सोमवारी आप्पा काकूंना हाताला धरून घेऊन आले. खूप समजावून बसवलं. मी पायरीवरून पाहत होतो. आप्पा त्यांना काहीतरी सांगत होते, मुठीकडे बोट दाखवत होते. मग बघ, तुझ्याशिवाय काही होत नाही, अशा खुणा करत त्यांनी किल्ली फिरवली.

जीप ताबडतोब सुरू झाली. मी खुशीत ओरडून सांगितलं, "आप्पा, अर्ध्या सेकंदात."

काकूंचा उजवा हात मुठीच्या वाटेवर अर्ध्यात होता. तो त्यांनी परत पदराखाली घेतला, उतरल्या आणि घरात गेल्या.

आप्पांनी इंजिन बंद केलं, डॅशबोर्डखाली वाकून पाहिलं आणि माझ्याकडे आले. पिवळी वायर तुम्ही काढली का, म्हणून विचारलं. मी त्यांना चूक समजावून सांगितली. त्यांनी ती डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकली.

"चुकून न्हवती, सर. तुमच्या काकूबिगर सुरू हुईल ती गाडी मी घेऊन काय करू?"

मग म्हणाले, "तुमचा पाव फेरा जास्त झाला."

मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी वर्गात मी कोणाचीच चूक काढली नाही. संध्याकाळी जाऊन ती वायर मी स्वतःच्या हातानं पुन्हा जोडली, शिशाचा डाग देऊन पक्की केली. आता मूठ ओढल्याशिवाय किल्ली कितीही फिरवली तरी गाडी सुरू होणार नव्हती.

पुढच्या सोमवारी आप्पांनी एकट्यानं किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी बॉनेट उघडलं, डोकं खाजवलं, उसासा टाकला. इतका वाईट अभिनय मी गणपतीच्या नाटकातसुद्धा पाहिलेला नाही. मग त्यांनी मला हाक मारून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तुमचं इंजेक्शन फेल गेलं. मी काकूंसमोर उभा राहिलो. "व्हय काकू," मी म्हणालो, "मला न्हाई जमलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे. पदर खोचला आणि सावकाश येऊन आपल्या जागेवर बसल्या.

"एळी," आप्पा म्हणाले.

बोटं एकदा घसरली. दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा मूठ बाहेर आली, किल्ली फिरली आणि इंजिनाचा सूर पहिल्या क्षणालाच लागला. इंजेक्शनच्या गाडीला तापायची वाट बघावी लागत नाही. त्यातून सोलापूरचा एप्रिल, बॉनेटवर पापड भाजावा असं ऊन. मूठ लगेच सोडली असती तरी चाललं असतं. काकू ती घट्ट धरून, सोडू का, अशा नजरेनं नवऱ्याकडे बघत होत्या.

आप्पांनी डोळे मिटले, मान तिरपी केली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

"तडी," ते म्हणाले.