गेर्लोफ जिवंत आहे का, याविषयीचा अर्ज

अभ्यासामुळे कुणीही दुखावलं जाऊ नये, म्हणून आमच्या संस्थेत नीतिमत्ता समिती आहे. मी तिचा सचिव, सिट्से. गेल्या अकरा वर्षांत कुणी दुखावल्याची एकही नोंद आमच्याकडे नाही. नोंदीसाठी त्या माणसाची लेखी संमती लागते, आणि दुखावलेली माणसं सहसा सही करायच्या मनःस्थितीत नसतात.

मागच्या ऑक्टोबरात विप्के नावाची संशोधक अर्ज घेऊन आली. इंटरनेटवर ‘एका ताटाचा स्वयंपाक’ नावाचा एक गट आहे. एकटी राहणारी माणसं आज काय शिजवलं ते तिथे लिहितात. विप्केला त्यांच्या एकटेपणाचा अभ्यास करायचा होता.

“तुम्ही स्वतः त्या गटात आहात?” अध्यक्ष आलाइटबाईंनी विचारलं.

“दोन वर्षं झाली. मीही एकटीच जेवते. डेल्फझाइलचे गेर्लोफकाका आहेत ना, त्यांना वाटाण्याचं सूप मीच शिकवलं. बायको गेली तेव्हा त्यांना अंडंसुद्धा उकडता येत नव्हतं.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे तुम्ही त्यांच्याशी बोलता?”

“त्यांनी काही विचारलं तर उत्तर द्यायला नको?”

“नको.”

समितीने अटी घातल्या. शब्दशः उतारे देऊ नयेत, त्यावरून माणूस सापडतो. ‘वाटाण्याचं सूप’ऐवजी ‘द्रवरूप कडधान्य’ लिहावं. संशोधकाने गटात एक अक्षरही लिहू नये. सर्वांची संमती घ्यावी. मात्र संमती मागितली की माणसं सावध होऊन वेगळं वागतात, म्हणून ती त्यांच्या लक्षात येणार नाही अशी घ्यावी.

“ती कशी घ्यायची?” विप्केने विचारलं.

“तो पद्धतीचा प्रश्न झाला. आम्ही नीतीचं बघतो.”

शेवटी तोडगा निघाला. जो नकार देत नाही, त्याची संमती आहे असं धरायचं; आणि कुणावर नकार देण्याची वेळ येऊ नये म्हणून विचारायचंच नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. विप्केने गटात लिहिणं बंद केलं.

पहिल्या आठवड्यात गेर्लोफने लिहिलं, “सूप खाली लागलं. विप्के, काळं झालेलं खरवडू की राहू दे?” दुसऱ्या आठवड्यात, “पोरी, बरी आहेस ना?” तिसऱ्या आठवड्यात, “माझं काही चुकलं का?” विप्केने तिन्ही वाक्यं तक्त्यात भरली. सदस्यांचं एकटेपण वाढत चालल्याचं तक्त्यात ठळक दिसत होतं. एवढे स्पष्ट निष्कर्ष क्वचितच मिळतात, असं म्हणून समितीने तिचं अभिनंदन केलं.

मग गेर्लोफने नऊ दिवस काहीच लिहिलं नाही.

विप्के माझ्या टेबलापाशी आली. तिचे डोळे लाल होते. “मला त्यांना फक्त एवढंच विचारायचंय: ‘काका, आहात ना?’”

मी तिला अर्ज करायला लावला. समितीचं उत्तर तत्परतेने, सहा दिवसांत आलं: गेर्लोफ जिवंत असल्यास तो सहभागी आहे, त्याच्याशी संपर्क करता येणार नाही. मृत असल्यास आमचे नियम त्याला लागू नाहीत. खुशाल संपर्क साधावा. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा.

“सिट्से, हे टाइप करताना तू वाचतोस तरी का?”

“छे. गोपनीय असतं ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आगगाडीने डेल्फझाइलला गेली. पुढचं मला तिच्या राजीनाम्यावरून कळलं. दार गेर्लोफनेच उघडलं, कमरेला एप्रन बांधलेलं.

“मी त्रास देतोय असं वाटलं,” तो म्हणाला. “म्हणून थांबलो.”

“काका, मी तुमचा अभ्यास करत होते.”

“माझा?” त्याने जरा विचार केला. “मग, पास झालो का?”

विप्केला रडू फुटलं.

“रड नंतर. आधी मीठ बघ. आणि एक सांग, विचारलं का नाहीस? सही दिली असती की. दोन ठिकाणी हवी तर दोन ठिकाणी.”

दोघं जेवायला बसली.

समितीने प्रकरण गांभीर्याने घेतलं. भेटीनंतर सहभागी आनंदी आढळल्यामुळे सगळी माहिती दूषित ठरली. अभ्यास दुसऱ्या संशोधकाकडे सोपवला. त्याने आयुष्यात कुणाच्याच पत्राला उत्तर दिलेलं नाही. त्याच्या प्रबंधाला ‘संवेदनशील मौना’बद्दल पदक मिळालं. विप्के दर रविवारी डेल्फझाइलला जाते. आमच्या दप्तरी त्याला ‘अनियंत्रित संपर्क’ म्हणतात.

वाचकहो, आता एक औपचारिक बाब. एका म्हाताऱ्याच्या घरातलं, त्याच्या मनातलं सगळं आपण मन लावून वाचलंत. मध्ये दोनदा हसलातही. हे सगळं त्याला विचारून छापलंय का, हा प्रश्न आपल्याला एकदाही पडला नाही.

समितीत एक जागा रिकामी आहे. आपण कधी रुजू होताय?