गळ्यात हात घालणेबाबत

निजामाच्या राज्यात, फसली १३५२ साली, आमच्या गावच्या सरकारी मदरशातली पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून हिंडत असत. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणूनच बंदोबस्त करणं जरूर होतं.

मी तिथला एकुलता एक मास्तर, सहा वर्षं हंगामी. मुस्तकिल, म्हणजे कायम, व्हायचं तर शाळा तपासणाऱ्या मोहतमीमसाहेबांचा चांगला शेरा लागे. गेल्या खेपेला साहेब घोड्यावरून उतरत होते, तोच बलभीम आणि खाजामियाँ गळ्यात गळा घालून खिदळत सामोरे आले. साहेबांनी शेरा मारला: 'मुलांत बेजा सलगी.'

मी नियम काढला. गळ्यात हात घालू नये. पोरांनी बोटं धरली. बोटं धरू नयेत. मग एकानं दुसऱ्याच्या दप्तराचं टोक धरलं. शेवटी, दोन विद्यार्थ्यांत सदैव एक रूळ अंतर राहील, असं मी ठरवलं आणि चपराशी जैनोद्दीनच्या हाती रूळ दिला.

"मास्तर, माझं पोरगं माझ्या खांद्यावर बसून शाळेत येतंय. त्याचं कसं?"

"तू सरकारी नोकर हायेस का बाप?"

दुसऱ्या दिवसापासून त्याचं पोरगं रूळभर मागून चालत आलं. मला फार समाधान वाटलं. असा मी.

आमच्याकडं बाभळी लई. टाचेत काटा मोडला की टाच दुसऱ्याच्या मांडीवर द्यावी लागते. आपली नजर तिथं पोचत नाही. बलभीमला काटा मोडला. खाजामियाँ सुई घेऊन धावला.

"थांब! नियम?"

"मास्तर, काटा काढतोय. माया करत न्हाय."

"मांडी तुझीच ना? मग माया झाली. अर्ज कर."

त्याचा अर्ज मी 'मांडीवर टाच घेण्यास परवानगी मिळणेबाबत' असा सुधारून तालुक्याला धाडला. परवानगी मलाही देता आली असती. पण देण्याची छाती नव्हती. पंधरा दिवसांनी विचारणा आली: पाय डावा की उजवा, खुलासा करावा. तोवर टाच पिकून काटा आपोआप बाहेर पडला होता. मी नोंद केली, 'प्रकरण निकाली.' बलभीम भिंत धरून लंगडत वर्गात येऊ लागला. भिंतीला नियम लागू नव्हता.

साहेब आले. पोरं रूळभर अंतरावर, मैलाच्या दगडांसारखी. साहेब खूष झाले.

मुस्तकिलीचा हुकूम हाती पडला तसा मी अनवाणीच अंगणात धावलो. खच्चकन काटा भरला. मी खाली बसलो आणि टाच पुढं केली.

पोरं भोवती जमली. जैनोद्दीननं रूळ लावून अंतर मोजलं.

"खाज्या, सुई आण रे!"

"मास्तर, अर्ज?" तो म्हणाला. थट्टा नव्हती. गुणी पोरगं, शिकवलेलं विसरत नसे.

"पाय डावा का उजवा, त्ये बी लिवा," बलभीमनं सांगितलं. अनुभवी माणूस.

मी अर्ज लिहिला, मीच शिफारस केली आणि तालुक्याला धाडला. उत्तर यायच्या आत ते राज्यच गेलं. मी अजून लंगडतो.

हसा. पण हसता हसता शेजारच्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला असेल आणि तो मधेच थांबला असेल, तर का थांबला ते मला कळवा. मी तो नियम फक्त एका शाळेपुरता केला होता.