दोन साडू आणि एक अँप्लिफायर

ओनसीबाईंच्या अंगणात जे काही येई, त्याचे दोन सारखे वाटे होत. आंबे असोत, तळ्यातले मासे असोत की शेजारणीने पाठवलेली केळ्यांची फणी असो, अर्धं थोरल्या लेकीकडे, अर्धं धाकटीकडे. आमच्याकडे लग्नानंतर जावईच सासरी नांदायला येतो. त्यामुळे अंगणाच्या एका कडेला थोरला जावई सामरान आणि समोरच्या कडेला धाकटा खाम्पुन, असे दोन संसार एकमेकांकडे तोंड करून मांडलेले होते. सकाळी उठल्यावर पहिलं दर्शन साडूचंच व्हायचं, आणि मग दोघांनाही कॉफी कडू लागायची.

तर या अंगणात शहरातून सबवूफरची दोन मोठी खोकी, एक अँप्लिफायर आणि वायरीचं एक भेंडोळं आलं. ओनसीबाईंचा एकुलता मुलगा, केंग, दुसऱ्या दिवशी भिक्षूची दीक्षा घेणार होता. दीक्षा म्हणजे मिरवणूक, मिरवणूक म्हणजे गाणी लावलेली पिकअप गाडी, आणि गाडी म्हणजे छातीत धडकी भरवणारा बेस. एरवी ओनसीबाईंनी असल्या दणदणाटाला पैसे दिले नसते. पण त्यांचं उभं आयुष्य तांदळाच्या गिरणीत गेलं होतं आणि गिरणीने त्यांचे कान केव्हाच खाऊन टाकले होते.

"मला गाणं ऐकू येणार नाही, ते मला माहीत आहे," त्यांनी दोन्ही जावयांना समोर बसवून सांगितलं होतं. "पण बेसचा दणका, ती धमक, पायातून वर चढते. ती असली की मी नाचेन. माझ्या पोराच्या पुढं मला नाचायचंय बाबांनो. पोरगा एकच आहे, आणि ही मिरवणूकही एकदाच."

दोघांनी मान डोलावली. सासूने खोकीही वाटून दिली, एक तुला, एक तुला. अँप्लिफायरच्या बाबतीत मात्र तिचाही नाइलाज झाला, तो मधे ठेवला.

सामरान पाण्याचे पंप दुरुस्त करायचा आणि विजेला यमाइतका भ्यायचा. शेजारच्या गावात अशीच एक गाडी मिरवणुकीत पेटली होती आणि दीक्षा घेणाऱ्या मुलाला उडी मारून शेतात पळावं लागलं होतं, ही गोष्ट तो जेवताना, झोपताना, कुणाच्याही मयतीला सांगायचा.

"आधी बॅटरीची मायनस सोडायची," तो म्हणाला. "मग बाकीचं. प्लसच्या वायरीला फ्यूज लागणार, आणि तो बॅटरीला अगदी खेटून. अर्थिंगची वायर रंग खरवडून कोऱ्या पत्र्याला."

"दादा, आपण गाणी लावतोय, धरण बांधत नाहीये," खाम्पुन म्हणाला. खाम्पुन बर्फ विकायचा आणि त्याला कशाचीच भीती नव्हती.

"पेटल्यावर तुझा बर्फ घेऊन ये हं."

पण खाम्पुननेही सगळं मुकाट्याने केलं. गाडीला भोक पाडायचं म्हणून गाडीची राखणदार देवी मे यानांग हिची आरशाला हार घालून परवानगी घेतली, लाल सरबताची बाटली ठेवली. फ्यूज बसला, अर्थिंग बसलं. सुरक्षेच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नव्हती. राहिली होती फक्त स्पीकरची वायर.

ही वायर जोडवायर होती. एक लाल, एक काळी, पाठीला पाठ लावून चिकटलेल्या. कुठल्याही शहाण्या माणसाने ती मधोमध आडवी कापली असती. पण आडवी कापल्यावर एकाचा तुकडा बोटभर लांब भरला, आणि त्यावरून अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघांनी ती चिंचेची शेंग सोलावी तशी उभी सोलली. लाल सामरानच्या वाट्याला, काळी खाम्पुनच्या. दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या निघाल्या आणि दोघांचंही समाधान झालं. सामरानने आपल्या लाल वायरीचे दोन तुकडे करून खोक्याच्या दोन्ही स्क्रूंना लावले. खाम्पुनने तसंच आपल्या खोक्याला दोन्हीकडे काळी लावली. आता यातली प्लस कुठली नि मायनस कुठली, हे त्या वायरींनाही सांगता आलं नसतं.

सामरानने आपलं खोकं एकटं वाजवून पाहिलं. धाडधाड! पपईच्या झाडावरचे पक्षी उडाले. ओनसीबाई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. "आलं! पायात आलं!" खाम्पुनने त्याचं बंद करून आपलं वाजवलं. तेही धाडधाड. ओनसीबाईंनी तिथल्या तिथे हाताची बोटं वळवून एक गिरकी घेतली.

मग दोन्ही एकदम लावली.

गायक गात होता, गाडीवरचे आधीचे छोटे कर्णे किरकिरत होते, पण बेस म्हणून जो काही प्रकार असतो तो नाहीसा झाला होता. गायकाला पडसं झाल्यासारखं वाटत होतं. ओनसीबाई अंगणात उभ्या राहून आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

"बंद का केलंत?"

"बंद नाही आई, चालूय!" खाम्पुन ओरडला.

"आं?"

"चालूय!"

पुन्हा मायनस सोडली, सगळं तपासलं, मायनस जोडली. दर वेळी मायनस सोडली की गाडीचा स्टिरिओ सगळं विसरायचा आणि जोडल्यावर आपल्या मनाने रेडिओवरचे भाताचे भाव सांगायला लागायचा. एकटं सामरानचं वाजवलं, उत्तम. एकटं खाम्पुनचं, उत्तम. दोन्ही मिळून, पडसं. एक अधिक एक बरोबर शून्य, असलं गणित दोघांनीही आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तोवर गाव जमलं. गावप्रमुख थोंगमाकाका सगळ्यात पुढे.

"परवानगी कुणी मागितली होती?" त्यांनी विचारलं.

"मी," खाम्पुन म्हणाला.

"एकट्याने? खोकी दोघांची, आणि परवानगी एकाची? देवी रागावणार नाही तर काय करेल?"

मग सामराननेही हार घातला. दुसरी सरबताची बाटली आली. देवीने दोन्ही बाटल्या ठेवून घेतल्या आणि बेस काही दिला नाही. कुणी म्हणालं, गाडीचं तोंड पश्चिमेला आहे, ते फिरवा. फिरवलं. कुणी म्हणालं, खोकी लांब लांब ठेवा. ठेवली. दोन बैल अनोळखी असले तर एका गाडीला चालत नाहीत, त्यांना आधी एकत्र चारायला हवं, असंही एकाने सांगितलं, पण खोक्यांना काय चारायचं ते त्याला सांगता येईना.

"आमच्या घरातली खोकी ती," थोरली लेक लामाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "आमच्या दोघींच्या नवऱ्यांसारखीच वागायची. एकेकटे असले की गावभर ऐकू येतात. एकत्र आले की काम शून्य."

शेवटी सामरानने खोकी विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला.

"सोपं आहे हो," दुकानदार म्हणाला. "एकाची वायर उलटी लागलीय. एक पडदा बाहेर ढकलतोय तेव्हा दुसरा आत ओढतोय. एकच दार एक जण आतून ढकलतोय, एक बाहेरून. हलेल कसं? कुठल्याही एका खोक्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. एकाच्याच हं!"

फोन बंद झाला.

"ऐकलंस? तुझी उलटी आहे," सामरान म्हणाला.

"माझी का म्हणून? कुठल्याही एका, असं म्हणाला तो. तुमची उलटवा की."

"माझी सरळ आहे. मी पंपाचं काम करतो. बर्फवाल्याने मला वायर शिकवू नये."

"दोन्ही टोकांना लाल वायर लावणारा माणूस मला सरळ-उलट सांगतोय!"

"तू दोन्हीकडे काळी लावलीस!"

दोन मिनिटांचं काम होतं, पण त्यात कुणाच्या तरी तोंडून 'माझं चुकलं' निघणार होतं, आणि ते शब्द त्या अंगणात आजवर कुणी उच्चारले नव्हते. शेवटी लामाईने आईच्या कानाला तोंड लावून सांगितलं, की उद्या धमक नसेल. गाणी असतील, धमक नसेल.

ओनसीबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही जावयांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "असू दे. नाचायला धमक लागते, चालायला लागत नाही. मी चालेन." मग आत जाऊन त्यांनी मिरवणुकीसाठी काढलेलं जांभळं रेशमी वस्त्र घडी घालून पुन्हा पेटीत ठेवलं. दोघांनाही ते दारातून दिसलं, आणि त्या रात्री दोघांनीही भाताचं ताट तसंच बाजूला सारलं.

सकाळ झाली. चुली पेटल्या, मांसाचा खिमा करायला सुरुवात झाली, बायकांची नुसती धांदल. या धांदलीत सामरान गाडीकडे गेला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने बॅटरीची मायनस सोडली, आपल्या खोक्यामागच्या दोन लाल वायरी इकडच्या तिकडे केल्या, मायनस जोडली आणि सटकला. आपण कमीपणा घेतला, तोही कुणाला न सांगता, म्हणून त्याला स्वतःबद्दल अतोनात आदर वाटला.

थोड्या वेळाने खाम्पुन बर्फ ठेवण्याच्या निमित्ताने गाडीकडे आला. त्यानेही मायनस सोडली. त्यानेही आपल्या काळ्या वायरी इकडच्या तिकडे केल्या. त्यालाही भरून आलं.

वाजवून बघायचं मात्र दोघांनीही टाळलं, कारण दोघांनाही सासूला अचानक आनंद द्यायचा होता. "आई, ते जांभळं नेसा," सामरान सासूच्या कानात ओरडला. "खरंच नेसा आई, जांभळंच," दुसऱ्या कानात खाम्पुन ओरडला. दोन जावई पहिल्यांदाच एकमताने बोलताहेत म्हटल्यावर ओनसीबाई घाबरून नेसल्या.

मिरवणूक उभी राहिली. डोकं आणि भुवया भादरलेला केंग पांढऱ्या कपड्यांत मित्राच्या खांद्यावर बसला, वर छत्री धरली गेली. ओनसीबाई सगळ्यांच्या पुढे. सामरान खाम्पुनकडे बघून गूढ हसला, खाम्पुनही तसाच हसला, आणि बटण दाबलं गेलं.

पडसं. कालचंच पडसं.

ओनसीबाई हात अर्धे उचलून थांबल्या होत्या. त्या पायाकडे बघत वाट पाहत होत्या. "सुरू झालं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"अरे पण मी तर उलटवली!" सामरान ओरडला.

"काय उलटवली?"

"माझी! सकाळी!"

खाम्पुनचं तोंड उघडं पडलं. "दादा, मी माझी उलटवली सकाळी."

थोंगमाकाकांनी डोकं धरलं. "म्हणजे आता दोघांच्याही उलट्या?"

"नाही काका," सामरान म्हणाला. "जी उलटी होती ती सरळ झाली, आणि सरळ होती ती उलटी."

"मग कालच्यात नि आजच्यात फरक काय?"

"काहीच नाही."

"मग केलंत कशाला?"

दोघा साडूंनी एकमेकांकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं. "माझ्यासाठी कमीपणा घेतलास व्हय रे?" सामरान म्हणाला. "तुम्हीही घेतलात की दादा." दोघांचे डोळे पाणावले, आणि तिथेच पुन्हा घोटाळा झाला. "थांब, मी माझी फिरवतो," म्हणून सामरान डावीकडून गाडीत चढला आणि "नको दादा, मीच," म्हणत खाम्पुन उजवीकडून. सामरानने पंधरा वर्षांच्या सवयीने जाता जाता मायनस सोडली होती, म्हणून दोघांनाही काही इजा झाली नाही. दोघांनी एकाच वेळी वायरी फिरवल्या. मायनस जोडली. रेडिओने भाताचे भाव सांगितले. गाणं लावलं. पडसं.

"मुहूर्त टळेल!" थोंगमाकाका किंचाळले.

लामाई पुढे आली. तिने आपल्या नवऱ्याला दंडाला धरून रस्त्यावर उतरवलं. "तुम्ही इथं उभं राहायचं. हात वर."

"अगं पण..."

"वर म्हटलं ना! अजून वर. आणि खाम्पुन, तू एकट्याने फिरव. एकदाच फिरव. मग तूही हात वर."

सगळ्या गावाने एका माणसाचे वर केलेले हात आणि दुसऱ्याचे वायरीवरचे हात असा दुहेरी पहारा ठेवला. खाम्पुनने वायरी फिरवल्या, मायनस जोडली आणि हात वर केले. केंगनेही खांद्यावर बसल्या बसल्या हात वर केले, कारण त्याला काय चाललंय ते काहीच कळलं नव्हतं.

बटण दाबलं आणि रस्ता हादरला. दुकानांचे पत्रे थरथरले, कुत्री शेपूट घालून पळाली, थोंगमाकाकांनी छाती धरली. ओनसीबाई क्षणभर दचकल्या. मग त्यांचे खांदे सैल झाले, बोटं वळली, आणि त्या नाचायला लागल्या. थकल्या नाहीत, थांबल्या नाहीत. विहाराच्या दारापर्यंत सगळा रस्ता त्या मुलाच्या पुढे नाचत गेल्या, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी हात वर करून दोन जावई. त्यांना हात खाली घ्या असं सांगायचं लामाईच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

दाराशी गाणं बंद झालं. केंग खाली उतरून आईच्या पायाशी बसला. ती धापा टाकत होती. लामाईने तिच्या कानाशी तोंड नेलं. "ऐकू आलं का गं, आई?"

"ऐकू कुठलं येतंय?" ओनसीबाईंनी जांभळ्या वस्त्रावरून पोटावर हात ठेवला. "इथं वाजलं. हा पोटात होता ना, तेव्हा अस्साच लाथा मारायचा. इथंच. मला वाटलं, आज पुन्हा एकदा आतूनच निघाला."

केंगने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. खाम्पुनने नाक ओढलं. सामरान बॅटरीची मायनस सोडायला गेला.

ती धमक नेमकी कुणाच्या खोक्यातली होती, हा विषय त्या दिवशी दोघा साडूंपैकी कुणीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला.